वेताळ आधी कसा होता

मंगळ., १० फेब्रु. ८७
वेताळाची मूर्ती बदलायचं नक्की. पायापासून तडकलीय. आज कौल घेतला. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घातलं, "देवा, नवी मूर्त आदीं आसली तशीच जाय तर उजवी दी, वेगळी जाय तर डावी." उजवी पाकळी पडली, म्हणजे मूर्ती आधीसारखीच हवी. सगळे खूश. सौ.चे थोरले भाऊ देवळाचे अध्यक्ष. म्हणाले, "भावोजी, चित्र तुमी काडा. शाळेत ड्रॉइंग शिकयतात मरे." मान डोलावून बसलो.

शुक्र., १३
वस्त्र उतरवून पाहिलं. तेलाचे थरावर थर. गळ्यात कवट्या, पोटावर विंचू, हातात कवटीचंच पात्र. कमरेखाली काहीच कळत नाही, आणि देवाचं अंग खरवडायला गुरव देत नाही. नागडा की नेसलेला? गुरव म्हणतो, "नागडोच. पूण हांवें कदीं पळोवंक ना." म्हणजे पाहिलेलं त्यानेही नाही. भाऊ म्हणतात, "नागडो केलो तर बायलो देवळांत येवच्यो ना." पंचाईत.

सोम., १६
मूर्ती बघायला पणजीचे एक प्रोफेसर येऊन गेले. "असं पात्र वज्रयानी बौद्धांत असतं." मी हुरळलो. चहा पिता पिता म्हणाले, कापालिक शैवांतही असतं. मग कोणी कोणाकडून घेतलं? "त्यावर वाद आहे. कदाचित दोघांनीही स्मशानातूनच उचललं." डोक्याचा पार भुगा. लहानपणापासून ज्याला नारळ देतोय तो कोणाचा? भाऊंना बौद्ध वगैरे काही बोललो नाही. राजभाषा कोकणी की मराठी, यावरून गावात आधीच दोन तट.

गुरु., १९
बेळगावचा शिल्पी दगड उतरवून बसलाय. दोन चित्रं काढली, एक नागडं, एक नेसलेलं. दोन्ही खोटी वाटतात. गुरवाला म्हटलं, पुन्हा कौल घेऊया. तो उखडला, "देवान जाप दिली न्हय? परत कित्याक विचारूंक जाय?" खरं आहे, देवाने उत्तर दिलंच होतं. आम्हीच मूर्ख. 'आदीं' म्हणजे कधी, हे देवाला कोणी सांगितलंच नाही.

रवि., २२
देवत्व कलशात उतरवून जुनी मूर्ती नदीत सोडली. पाण्यात टेकवली तशी कमरेवरची तेलाची खपली सुटली. खाली बारीक रेघ. वस्त्राचा काठ? की तडाच वर चढलेला? मी "रावात, रावात, थांबा" म्हणेपर्यंत धरणाऱ्यांचे हात सुटले. खोल डोह आहे तिथे.

शिल्पी काठावरच म्हणाला, "मास्तर, उद्या कंबर आखून द्या बगा, छिन्नी लावतो."

मी आखीन तीच पुढे सगळ्यांना खरी वाटणार. मलासुद्धा, काही वर्षांनी. दोन्ही चित्रं समोर आहेत. फार भीती वाटते.