खांबाची दोरी

गुंडादादा,

खाजाभाईचा टांगा दारात हुबा हाय. तू गिरणीतनं यायच्या आत आबाला मी सांगोल्याला, माज्या सासरी नेतीय. धनी व्हय म्हनल्यात. मागं येऊ नगंस.

गेल्या म्हैन्यात आपलीच समजून त्येनं शेजारणीची शेरडं माळाला नेली. गल्लीनं चोर म्हटलं, आन् तवापास्नं तू त्येला खांबाला बांदून कामावर जातुयास. तुजी लाज मला कळती. पर त्येच्या मनगटावर वळ उठल्यात, दादा.

मानसांची नावं इसरला आसंल त्यो. पर सांजच्याला कुटलं कोकरू कुटल्या मेंढीचं, ह्ये त्येला अजून सांगावं लागत न्हाय. गेल्या खेपंला माज्याकडं आला तवा आमच्या मेंढरांत मी डोळ्यानं बघितलंय. तितं त्यो मेंढरांमागं फिरंल आन् मी त्येच्या मागं.

भाकरी टोपलीत हाय, दोरी खुंटीला.

निगताना त्येला इचारलं, "गुंडाला काय सांगू?"

म्हनला, "कोन गुंडा?"

"आरं, तुजा ल्योक की."

त्येनं खुंटीवरच्या दोरीकडं बघितलं आन् म्हनला, "न्हाय. माजा ल्योक बापाला बांदंल व्हय?"

फुला