सुई बंद केल्यानंतरचे लाखोरीचे आकडे

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ६.१०
आजपासून लाखोरीची सुई बंद. ही माझ्या मनाची लहर नाही. जनावरांचे डॉक्टर हेमेंद्र यांनीच सांगितलं. म्हणाले, "भाऊ, बिल्ली की शुगर नॉर्मल आ गई. कभी-कभी बिल्लियों में होता है. इन्सुलिन रोक दो, पर रोज सुबह नापना. दो बार दो सौ के ऊपर गया तो उसी दिन फोन."
आजचा आकडा १०४. देवापुढे दिवा लावला, मग निळ्या वहीत लिहिला. ती वही डॉक्टरांसाठी. ही रोजनिशी माझी.
मांजर रुख्माची. लाखोरीच्या पिवळ्या डाळीच्या रंगाची, म्हणून नाव तिनंच ठेवलं. शुगर दोघींनाही. सकाळी एक सुई स्वतःला, एक मांजरीला, आणि वर म्हणायची, "आमी दोघी बहिणी." मागच्या माघात रुख्मा गेली. देवरीच्या पलीकडच्या एका वैदूची मुळी चालू केली होती आणि सुई बंद केली होती. बंद कर म्हणून मीच सांगितलं होतं. पण तिची वेळ आली होती. सुईचा काही संबंध नाही.
दुर्गेश्वरीला हे पटत नाही. एकुलती मुलगी. तेरवीनंतर तिरोड्याहून येते, चहा घेते, जाते. मुक्काम करत नाही.
लाखोरी महिनाभर सुईशिवाय नीट राहिली की वही तिच्यापुढे ठेवायची. आपण काही बोलायचं नाही. आकडे बोलतील.

११ नोव्हेंबर
११२. उत्तम.
संकल्प: रोज ठीक सहाला, उपाशीपोटी. एकही दिवस चुकवायचा नाही.

१२ नोव्हेंबर
उठायला उशीर झाला. लाखोरीनं खाऊन घेतलं होतं. उद्यापासून नक्की.

१३ नोव्हेंबर
१३८. काळजीचं कारण नाही. मोजण्याच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. वीस वर्षं धान खरेदी केंद्रावर ओलावा मोजतो आहे. सतराच्या वर गेला की धान परत. पण मशीननं पहिल्यांदा दाखवलेला आकडा खरा धरतो तो नवशिका. पोत्यात नळी खुपसून तीन ठिकाणचा दाणा काढावा लागतो. माणूस लांबून बैलबंडी घेऊन आलेला असतो, तेव्हा तिन्हींतला सगळ्यात कोरडा नमुना धरावा. यात पाप नाही, दया आहे.
उद्यापासून लाखोरीच्या कानालाही तीन टोचे. सगळ्यात कमी तो खरा.

१५ नोव्हेंबर, शनिवार
एकादशी. आज रक्त काढायचं नाही. मुक्या जिवाचं तर नाहीच. वहीत अंदाजे १३० लिहिलं.
लाखोरीनं पाण्याची वाटी तीनदा रिकामी केली. थंडीत हवा कोरडी असते.

१७ नोव्हेंबर
१९१, १८३, १७६. म्हणजे १७६.

१९ नोव्हेंबर
२१४, २२६, २०९. कान थंड होता. शिवाय घाबरली होती. घाबरल्यावर शुगर चढते, हे डॉक्टरांचंच वाक्य आहे. डॉक्टर म्हणाले होते दोन वेळा. तीन टोचे झाले तरी मोजणी एकच, तेव्हा ही पहिली वेळ. आणि घाबरल्याची वेळ धरायची नसते, म्हणून तीही नाही.
वहीत १८९.

२१ नोव्हेंबर
२५२. मशीनवर संशय आला. स्वतःचं बोट टोचून पाहिलं. ९६. मशीन ठीक आहे.
दुपारी केंद्रावर बसल्या बसल्या लक्षात आलं, मशीन माणसांचं आहे. माणसाचं बरोबर दाखवणारच. मांजरीच्या रक्ताचं त्याला काय कळतं? मन हलकं झालं. वहीत १८४.

२३ नोव्हेंबर, रविवार
ओलं धान उन्हात पसरलं की आकडा उतरतो. लाखोरीला अंगणात पोत्यावर दोन तास ठेवलं. केंद्रावरचा हमाल दुधराम वाटेनं चालला होता. थांबला. म्हणाला, "केशोभाऊ, मांजरीले कायले वाळवून राहिले? पापड करता का तिचे?"
मी म्हटलं, तब्येतीला ऊन चांगलं असतं.
"तब्येत कोठी हाये जी, हाडं दिसून राहिले. फोन लावा ना डॉक्टरले."
तिला उचलून पाहिलं त्यानं. दुधराम पोतं उचलून किलोभराचा फरक सांगतो. या वेळी काही सांगितलं नाही. हळूच पोत्यावर ठेवली आणि गेला.
अडाणी माणूस आहे.
मोजलं, २६८. ऊन कमी पडलं.

२६ नोव्हेंबर
आज मन घट्ट करून डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आकडे विचारले. वही हाताशी होती, तिच्यातले वाचून दाखवले. "अरे वाह भाऊ, दो सौ के अंदर है ना? चलने दो."
बरं झालं विचारलं. डॉक्टरांनाही काळजी वाटत नाही, मग आपण कशाला करावी?

२८ नोव्हेंबर
३४१. एकच टोचा घेतला. आणखी घ्यावासा वाटला नाही. तिनं कान मागे ओढला नाही. आधी ओढायची.
मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालते. दाराच्या उंबऱ्याशी आली की थांबते, विचार केल्यासारखी.
मुळी सुरू करायच्या दिवशी रुख्मानं विचारलं होतं, "खरंच बंद करू का जी?" मी म्हटलं होतं, देवावर विश्वास ठेव. तिचा होताच. माझ्यावरही होता.
इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे. दार उघडून पाहिलं. पण सुई दिली तर मग वहीला काय अर्थ राहिला? वीस दिवस झाले. आता दहाच उरले. दार लावलं.

१ डिसेंबर, सोमवार
पुन्हा एकादशी. मोजलं नाही. सकाळी दोनदा उलटी. खाल्लं नाही. बरं आहे, तिलाही उपास घडला.
देवापुढे बसलो. स्वतःसाठी मी कधी मागत नाही. आज मागितलं: हिला आठ दिवस काढू दे.

२ डिसेंबर
दुर्गेश्वरी अचानक आली. नवा तांदूळ घेऊन आली होती. लाखोरी मोरीत पडून होती, हाक मारली तरी मान उचलेना. दुर्गेश्वरीनं तांदळाची थैली दारातच टाकली. "बाबा, काऊन अशी पडली हे? कवापासून?"
मी म्हटलं, कालपासून थोडी सुस्त आहे.
मशीन लावलं तर आकडाच आला नाही. नुसतं 'हाय' लिहून आलं. म्हणजे त्याला मोजता येईल त्याच्याही वर.
ओढणीत गुंडाळून ती मांजरीला घेऊन बसली, मी गाडी चालवली. आमच्या फुलचूरहून दवाखाना काही लांब नाही, पण फाटकाजवळ मालगाडीनं थांबवलं. ती मागून सारखी "लाखोरी, ए लाखोरी" म्हणत होती.
डॉक्टरांनी सलाईन लावता लावता वही मागितली. मी दिली. पानं उलटत म्हणाले, "नंबर तो बढ़िया हैं भाऊ. फिर ऐसी हालत कैसे?" मी म्हटलं, मशीन जुनं झालं असेल.
दुर्गेश्वरीनं वही घेतली. १८९. १८४. १७९. १८६. एकेका ओळीवरून बोट फिरवलं. घरी मशीनवर काय आलं होतं ते तिनं पाहिलं होतं. मग म्हणाली, अगदी हळू, "बाबा, आईचे आकडे बी तुमी असेच लिवत होते का?"
डॉक्टरांनी मान वर केली नाही.
आईचे मोजलेच नव्हते. वैदू म्हणाला होता, मोजलं की मनात शंका शिरते. मशीन मीच कपाटात ठेवलं होतं.

३ डिसेंबर
डबा घेऊन दवाखान्यात गेलो. दुर्गेश्वरीनं डबा घेतला आणि म्हणाली, "तुमी घरी जा." डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

४ डिसेंबर
देवापुढे बसलो. काय मागावं ते ठरेना. मांजर गेली, तर सगळ्यांना सांगता येईल की तिचीही वेळ आली होती. हा विचार खरंच मनात आला. देवाच्या समोर आला. कानाला हात लावले.
आणि वाचली, तर
हे वाक्य आज पूर्ण करत नाही.

५ डिसेंबर
सुई रोज दोनदा चालू आहे. डोळे उघडले म्हणे.

८ डिसेंबर, सोमवार
सकाळी दुर्गेश्वरीचा फोन. "बाबा, उठली लाखोरी! एकशे सेहेचाळीस आली. वाटी चाटूनपुसून साफ केली, आन डॉक्टरच्या हाताले बोचकारलं बी." मांजर तिरोड्याला नेणार आहे. सकाळ-संध्याकाळ सुई ती स्वतः देणार. हसत होती. माघानंतर तिला पहिल्यांदा हसताना ऐकलं. मग हसू मध्येच थांबलं. दोघांनाही एकच आठवलं असावं. "तुमी जेवले का?" एवढं विचारून तिनं फोन ठेवला.
बरं झालं. जीव वाचला, याहून मोठं काय आहे? मला आनंद झाला आहे.
सलाईन आणि सुई. सहा दिवसांत उठून बसली.
रुख्मा अकरा दिवस पडून होती.