सीट नंबर एक्केचाळीस

२ डिसेंबर, शनिवार
आज मास्टरस्ट्रोक मारला. स्टेडियममधला मालकाचा बॉक्स, म्हणजे माझाच, एका टाइल्स कंपनीला सीझनभर भाड्याने दिला. सहा खुर्च्या आणि बसायचा मी एकटा. सौ. जुलैपासून मुलीकडे आहे. गुडघ्यासाठी, तिकडचा डॉक्टर चांगला आहे. जावयाला फुटबॉल कळत नाही. बाकी कोणाला बोलवावं तर हल्ली सगळ्यांना नेमकं त्याच दिवशी काम निघतं. मग रिकाम्या खुर्च्यांना हीटर कशाला? अकाउंटंटने विचारलं, साहेब, तुम्ही कुठे बसणार. म्हटलं, पब्लिकमध्ये. गिऱ्हाइकाची नाडी कळते. त्याने ते वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं लिहून घेणारा तो एकच माणूस उरलाय.

बाबांना क्लब चालवणं जमलं नाही. पोरं घडवत बसायचे, दहा-दहा वर्षं. मी तीन वर्षांत चौदा खेळाडू विकले. क्लब नफ्यात, टीम तळाला. दोन्ही गोष्टी एकदम जमवून दाखवणारा दुसरा मालक मला तरी माहीत नाही.

९ डिसेंबर
सी स्टँड, बारावी रांग, सीट ४०. कानटोपी, मफलर, जाड चष्मा. कोणी ओळखलं नाही. पेपरात माझा फोटो वीस वर्षांपूर्वीचा छापून येतो. मीच तो पाठवतो.

शेजारी ४१ वर एक गृहस्थ. घड्याळं दुरुस्त करतो, सगळे घड्याळजी म्हणतात. तीस वर्षं तीच सीट. ४० त्याच्या धाकट्या भावाची होती; मालकाने गोलकीपर विकला त्या दिवशी भाऊ जो उठून गेला तो परत आलाच नाही. मालक म्हणजे मी. गोलकीपरला भाव चांगला आला होता.

घड्याळजी नव्वद मिनिटं मालकाला शिव्या देत होता. अभ्यास दांडगा. फक्त एका ठिकाणी चुकला, मालकाने अकरा खेळाडू विकले म्हणाला. मी चौदा अशी दुरुस्ती केली. खूश झाला. थर्मासच्या झाकणातून मला चहा दिला. धंदा विचारला. खरेदी-विक्री, म्हटलं. खोटं बोलायचं नाही हा माझा नियम आहे.

०-२ हरलो. दिवस बरा गेला.

१६ डिसेंबर
उत्तरार्धात अख्खा स्टँड उठून ‘मालक हटाव’ ओरडायला लागला. एकटा बसून राहिलो असतो तर संशय आला असता, म्हणून उठलो. आधी नुसते ओठ हलवले. मग राहवलं नाही. घड्याळजीने पाठीवर थाप मारली, म्हणाला आवाज दमदार आहे हो तुमचा. घरात हे कधी कोणी सांगितलं नव्हतं.

०-३. घसा बसला. गरम पाण्याच्या गुळण्या केल्या.

२३ डिसेंबर
मॅच बाहेरगावी. तीन वेळा फ्रीज उघडून बंद केला. सौ.ला फोन करून गुडघा विचारला. तो सप्टेंबरातच बरा झाला म्हणाली. मग वीस मिनिटं घड्याळजीबद्दल सांगत बसलो. ती म्हणाली, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तुमच्या तोंडून मित्राबद्दल ऐकतेय. तुम्ही कोण ते माहीत आहे का त्याला? म्हटलं, विषय निघाला नाही. त्याचं खरं नाव विचारायचंही राहिलंय.

३० डिसेंबर
जिंकलो. १-०, आठ नंबरचा गोल. घड्याळजी त्याच्यासाठीच येतो. हा पोरगा अकरा वर्षांचा होता तेव्हापासून घड्याळजी त्याला सरावाच्या मैदानाच्या जाळीबाहेर उभं राहून बघत आलाय. म्हणतो, आणखी दोन वर्षं जाऊ देत, याच्याभोवती टीम उभी राहील. आणि मालकाने यालाही विकलं तर मीपण भावासारखा घरी बसेन.

नव्या वर्षाचा संकल्प, एक दिवस आधीच: आठ नंबर विकायचा नाही. खाली दोन रेघा मारल्या आहेत.

६ जानेवारी
आठ नंबरला मोठ्या क्लबची ऑफर. अकाउंटंटने आकडा चिठ्ठीवर लिहून दाखवला, तोंडाने बोलवेना त्याला. कोच केबिनमध्ये आला आणि न सांगता बसला. म्हणाला, दोन सीझन द्या, टीम बांधून दाखवतो. बाबाही असंच बोलायचे. म्हटलं, लाँग टर्म विचार चालू आहे. खेळाडू विकायची मुदत ३१ तारखेला संपते. तोवर लाँग टर्म विचार करायचा.

संकल्प कायम.

१३ जानेवारी
बाबांचं मनगटी घड्याळ बंद पडलंय. घड्याळजीला दुरुस्तीला दिलं. पहिल्या टीमने वर्गणी काढून बाबांना दिलेलं ते घड्याळ. मागच्या झाकणावर क्लबचं नाव आणि ‘आमच्या मालकांना’ असं कोरलंय. हे घरी आल्यावर आठवलं. पण अक्षरं झिजलीत. आणि घड्याळवाले झाकण उघडून आत बघतात, झाकण कोण वाचतं?

२० जानेवारी
घड्याळजी बदललाय. आज मालकाला एकही शिवी नाही. घड्याळ अजून झालं नाही, एक पार्ट मिळायचाय म्हणाला. मग म्हणाला, मालकही एकटाच असेल हो बिचारा. कोणी नीट समजावलं तर ऐकेलही. एवढा आठ नंबर राहू दे म्हणावं. माझ्याकडे बघून बोलत होता. मी म्हटलं, मालकांचं काही सांगता येत नाही. आज माझ्यासाठी घरून वेगळा कप आणला होता त्याने.

वय झालं की माणूस मवाळ होतो.

३१ जानेवारी, संध्याकाळी ५
विकला.

त्यांनी ऑफर वाढवली. भावनेच्या भरात निर्णय घ्यायचा नाही हा माझा फार जुना संकल्प आहे. दोन संकल्पांत भांडण झालं तर आधीचा ज्येष्ठ. घड्याळजी रागावेल, पण येईल. तीस वर्षांची सवय अशी सुटत नाही. शनिवारी थर्मास मी नेणार. सँडविचही. नावही विचारणार.

सही करताना किती वाजले ते बघायला मनगट वर केलं. घड्याळ नव्हतं.

३ फेब्रुवारी
४१ रिकामी.

मॅच सुरू झाल्यावर गेटवरचा तिकीट तपासणारा एक लिफाफा घेऊन आला. चाळीस नंबरच्या टोपीवाल्यांना द्या, असा निरोप होता म्हणे. आत बाबांचं घड्याळ. चालू. बिल नाही. मागचं झाकण घासून लख्ख केलंय, अक्षरं चष्म्याशिवाय वाचता येतात. सोबत सीट ४१ चा पास, उरलेल्या सगळ्या सीझनचा. चिठ्ठी असेल म्हणून लिफाफा उलटा करून झटकला. नव्हती.

सर्दी झाली असेल त्याला. हवा वाईट आहे.

दोन कप भरले. एक प्यालो. थोडा वेळ थांबून दुसराही. ‘मालक हटाव’ कधी सुरू होतं याची वाट बघत होतो, पण आज कोणी ओरडलंच नाही. बाराव्या रांगेत मी एकटा होतो. वर माझ्या बॉक्समध्ये टाइल्सवाले मैदानाकडे पाठ करून जेवत होते. ०-४.

सौ.चा फोन आला. तुमचा मित्र कसा आहे, विचारलं. सर्दी आहे म्हटलं. फार एकटं वाटलं आज.

सोमवारी अकाउंटंटला सांगायचं: सीट ४१ विकायची नाही. कितीही भाव आला तरी.