आनंदी कामगार शिबिर

इस्लामपूर,
२२ जानेवारी १९९७

प्रिय वीरधवल,

ज्ञानूचा रामराम. पत्र पोचलं. इकडं समदी खुशाल हायत असं लिवायला हात जातोय, पर कशाची खुशाली गड्या! सख्खा भाऊ गेला आन् पलटणीत तुला रजा न्हाई. तुझ्या रानातली ऊसतोड झाली, म्हस व्याली, वैनी दोन घास खात्यात. एवढंच बरं म्हणायचं.

तू इचारलंस, दादा कसा गेला, लय तरास झाला का. कारखान्याची माणसं घरी येऊन सांगून गेली, हंबीररावांना ध्यानात बसल्या बसल्या शांत मरण आलं. वैनींनी तेवढंच धरून ठेवलंय. बायका म्हंत्यात, पुण्यवान माणूस. मग वैनी जरा रडायच्या थांबत्यात.

खरं ऐक. बॉयलरवर बदलीचा माणूस आला न्हाई, म्हणून दादानं लागोपाठ दोन पाळ्या केल्या. सकाळी घरी जायचं, तर आनंदी कामगार शिबिर सक्तीचं. जो येणार न्हाई त्याचा खाडा. शिबिर घ्यायला आलेला पुण्याचा साहेब लय गोड बोलायचा. मांडी घाला, डोळं मिटा, श्वासाकडं लक्ष द्या. ताण कामात नसतो, आपल्या मनात असतो म्हणं! त्याला एकदा बॉयलरपुढं उभा करायला पायजे हुता.

दादा म्हणाला, "सायेब, छातीत कळ येतीया. जरा भाईर जातो."

साहेब हसला. "हंबीरराव, पळू नका. वेदना येते, वेदना जाते. तिच्याकडे नुसतं बघा."

दादा बसला. साहेबाचा शब्द त्यानं कवा मोडलाय! शेवटाला समद्यांनी डोळं उघडलं, दादा तसाच. साहेब म्हणाला, "बघा, याला म्हणतात स्थिरता." टाळ्या बी वाजल्या रं. त्या थांबल्या तरी दादा उठला न्हाई.

परवा चौकशी हाय. कामगार अधिकारी म्हणतोय, हंबीरराव काय बोललंच न्हाईत, एवढं सांग. मी ऐकलं तेच सांगणार. नोकरी गेली तर खड्ड्यात गेली. पर मग ते वैनींच्या कानावर जाणार, आन् त्यांच्याकडं ऱ्हायलेलं तेवढं बी मी हिसकावून घेणार. त्याची लय भीती वाटती. कसं बी करून ये.

आन् एक ऱ्हायलं. मी शेजारीच हुतो. दादानं माझा हात घट्ट धरला हुता. मग हात सैल पडला, तवा मला वाटलं, साहेबाचं खरं हाय, कळ गेली. मला बरं वाटलं रं.

तुझा म्हणू का नको, तूच ठरव,
ज्ञानू