पाचवं गाणं

प्रिय धाकट्या,

तुझा अल्बम पोचला. वर 'ताईला, सगळ्यासाठी' असं लिहून सही करून पाठवलास. या 'सगळ्या'त काय काय येतं ते ठाऊक असतं, तर एका शब्दात उरकलं नसतंस. असो. चार वेळा ऐकला. कामाच्या टेबलावर, कवळ्या घासता घासता. आमच्याकडचा म्हातारा कारागीर गेल्या वीस वर्षांत कशालाही चांगलं म्हणालेला नाही. तोसुद्धा हातातला जबडा खाली ठेवून म्हणाला, "पोरगा गातो बरं का!"

गातोसच. ते आधी कबूल करते, म्हणजे 'ताई जळते' म्हणायला तुला जागा नको. तिसऱ्या गाण्यात बाकीची वाद्यं थांबून डबल बास एकटाच चालत राहतो आणि तू जरा मागे रेंगाळत, मुद्दाम उशिरा शब्द टाकतोस, तिथे माझ्या अंगावर काटा आला. गाणी वाईट असती तर कपाटात टाकून विसरून गेले असते. चांगली आहेत, म्हणूनच किळस आली.

पाचव्या गाण्याची. बाबांच्या.

सुरुवातीला तो घरघरता श्वास आहे ना, ज्याच्या लयीत तुझा ड्रमवाला ब्रश फिरवतो? मी तो लगेच ओळखला. अकरा महिने तो ऐकत झोपले आहे मी. त्या अकरा महिन्यांत तू दोनदा आलास. पहिल्यांदा नाकाला रुमाल लावून दारातच उभा राहिलास आणि म्हणालास, "खिडकी उघडत नाही का गं तुम्ही?" दुसऱ्यांदा चाळीस मिनिटं बसलास आणि मोबाइल त्यांच्या उशाशी ठेवलास. मला वाटलं, बाबांना काहीतरी ऐकवतोयस. तू त्यांचा श्वास भरून घेत होतास. मी तेव्हा त्यांच्या खालची चादर बदलत होते, "बाबा, कूस बदला, झालंच आता" असं म्हणत होते. ते गाण्यात नाही. सफाईने कापलंस. पण कान देऊन ऐकलं की एक श्वास अर्धाच येतो. तिथे मी होते.

आणि पुढचे शब्द! उघड्या हातांनी म्हणे तू त्यांचे पाय धुतलेस, जखमा पुसल्यास. अरे, उघड्या हातांनी कुणीच काही केलं नाही. मी एकावर एक दोन हातमोजे घालायचे. तरी पाठीवरच्या त्या जखमेचा वास बोटांना चिकटून राहायचा, जेवताना घास तोंडाशी नेला की यायचा. लोकांच्या तोंडांचे साचे हाताळून आपलं पोट दगडाचं झालंय अशी माझी समजूत होती. एकदा धावत बाथरूम गाठलं आणि भडभडून ओकले. परत येऊन बाबांवर ओरडले, "मुद्दाम करता का हे?" ते रडले. आवाज न करता, एकाच डोळ्याने. दुसरी बाजू लुळी होती. याला कुठला सूर लावशील? तुझ्या गाण्यात बाबा किती स्वच्छ मरतात रे!

आई मात्र ते गाणं दिवसातून तीनदा लावायला सांगते. तिचं विसरणं वाढलंय हे फोनवर सांगितलं होतं तुला. आठवणींना जिथे जिथे भोक पडलंय, तिथे आता तुझं गाणं जाऊन बसलंय. बाबांचं सगळं तूच केलंस असं तिला मनापासून वाटतं. मागच्या आठवड्यात रेडिओवरची एक बाई अल्बमविषयी बोलायला घरी आली होती. आईदेखत तिने विचारलं, "म्हणजे शेवटपर्यंत भावानेच सेवा केली ना?" आई माझ्याकडे बघत होती, चेहरा नुसता उजळलेला. मी म्हटलं, "हो, त्यानेच." धाकट्या, इतक्या वेळा गाणं ऐकूनही तुझी आली नव्हती एवढी किळस त्या क्षणी मला माझी आली.

एवढ्यावर मी पत्र लिहिलं नसतं. गिळून टाकलं असतं, सवय आहे. पण परवा आई पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन नीट झालं, गुरुवारी घरी आणायचीय. सहा आठवडे तिचं सगळं अंथरुणातच करावं लागणार. काल हॉस्पिटलात मी तिला पुसायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला. म्हणाली, "तू नको. तुझे हात राठ आहेत. त्याला बोलाव. ह्यांचं किती मायेनं केलं त्याने." तिला खरं सांगणं माझ्याच्याने होणार नाही. तेव्हा बुधवारी संध्याकाळपर्यंत ये. कार्यक्रम ठरले असतील ते पुढे ढकल. मी दाराआड उभी राहून सांगत जाईन, पाणी किती कोमट हवं, कूस कुठून वळवायची, तिला लाज वाटू नये म्हणून चादर कशी धरायची. पहिल्या दिवशी तुला सहन होणार नाही. बाहेर ये, तोंड धू, आणि पुन्हा आत जा. ती सारखी विचारेल, "दमलास का रे?" नाही म्हणायचं.

तुझीच, आणि अजून तरी तुझ्याच बाजूची,
ताई