पसारा आवरू नकोस

प्रिय मावशी,

घर माझ्या नावावर झालं. काल गृहनिर्माण बोर्डाच्या कचेरीत सही केली, शिक्का बसला आणि खिडकीतल्या माणसाने मान वर न करता पुढच्याला हाक मारली. एवढ्या मोठ्या गोष्टीचं कुणाला काही कौतुकच नाही! म्हणून येताना मीच मला आइस्क्रीम घेऊन दिलं आणि ते रस्त्यातून चालता चालता, तुला अजिबात आवडलं नसतं अशा पद्धतीने खाल्लं.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू नुसतं ‘बरं, बरं’ करतेस आणि तिथे दादाकडे तुझे लेक-सून-नात सगळे आजूबाजूला असले की तेही हळू आवाजात. पत्राला मध्येच ‘बरं’ म्हणता येत नाही. तेव्हा चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच.

तपासणीचा दिवस आठवला की मला आता हसू आवरत नाही. त्या दिवशी मात्र घर हातचं गेलंच असं वाटलं होतं. तू म्हणशील, मी होते की तिथे, मला काय सांगतेस? तू होतीस, पण अपराध्यासारखी स्वयंपाकघरात तोंड लपवून होतीस, त्यामुळे खरी मजा तू पाहिलीच नाहीस. तू मला सांगितलेला नियम असा होता की, बोर्डाचं घर ज्याच्या नावावर आहे त्याने ते सोडलं, तर घरात आधीपासून राहणाऱ्या नात्यातल्या माणसाला ते मिळतं. फक्त तो माणूस तिथे खरोखर राहतो की नाही, हे बोर्डाच्या बाई येऊन बघणार. मला वाटलं, यात काय अवघड आहे? आई गेल्यावर तू मला या घरात आणलंस तेव्हा माझा हात टेबलापर्यंत पोचत नव्हता. आता लिफ्टच्या मोटारी उघडून बसवते. एवढी वर्षं जिथे पसारा केला, तिथे मी राहते हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

पण पाहुणे येणार म्हटल्यावर तू गप्प बसशील तर ना! जन्मभर हॉटेलात खोल्या लावल्यास. आधीच्या माणसाचा केससुद्धा दिसता कामा नये, इथे कधी कुणी राहिलंच नाही असं वाटलं पाहिजे, हे तुझं काम आणि हाच तुझा अभिमान. त्या दिवशी कामावर एक माणूस लिफ्टमध्ये अडकला होता, त्याला सोडवून मी धापा टाकत घरी पोचले, तर बाई माझ्याबरोबरच जिना चढत होत्या. दार उघडलं आणि मी कपाळावर हात मारला. माझी घडीची खाट गायब. माझे बूट, माझी हत्यारांची पेटी, दाराच्या खिळ्यावरचा तेलकट डगला, आरशाला चिकटवलेल्या चिठ्ठ्या, सगळं तू माळ्यावर कोंबलं होतंस. न्हाणीघरात एकच ब्रश आणि एकच टॉवेल, तोही कोपरे जुळवून घडी घातलेला. तुझ्या पलंगावरच्या चादरीला एक सुरकुती नव्हती. मी या घरात राहते याचा एकही पुरावा तू शिल्लक ठेवला नव्हतास, मावशी.

बाईंनी सगळीकडे नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा पडला. बाई स्वभावाने वाईट नव्हत्या, पण डोळ्यांना दिसेल तेच त्या लिहिणार. मी कुठे झोपते, असं त्यांनी विचारलं. मी माळ्याकडे बोट दाखवलं. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मी स्टूल घेऊन वर चढले, खाट ओढली आणि तिच्यामागून हत्यारांची पेटी निसटून जमिनीवर अशी काही आदळली की भांडी वाजली. आणि मग खालच्या मजल्यावरून तो आवाज आला, ज्याला मी आजवर शिव्या घालत आले. तक्रारकाकांच्या झाडूचा दांडा. ठक, ठक, ठक. पाठोपाठ स्वतः काका, बनियनवर, दारात. बाईंना बघून त्यांना तर सुगीच वाटली. बोर्डाचं माणूस आयतं हाती लागलं होतं! ही पोरगी रोज पहाटे बूट आपटत जिना उतरते, लहान होती तेव्हा दोरीवरच्या उड्या मारायची, नंतर घड्याळं काय उघडायची, पंखे काय ठोकायची, मावशी तिला खुडबुडी म्हणते ते उगाच नाही, इतक्या वर्षांत माझी एक सकाळ सुखाची गेली नाही, हिला या घरातून काढा तरी. बाई शांतपणे सगळं लिहून घेत होत्या. काका बोलत होते आणि माझा जीव हळूहळू भांड्यात पडत होता. त्यांना अजून कळलेलं नाही की घर मला त्यांनी मिळवून दिलं. काल संध्याकाळी मी त्यांना आइस्क्रीमचा डबा नेऊन दिला, तर संशयाने बघत होते.

आता मूळ मुद्द्यावर येते. घर सोडताना तू म्हणालीस की तुला जिन्याचा कंटाळा आलाय, दादा केव्हाचा बोलावतोय, नातीबरोबर राहायचंय. मी विश्वास ठेवला. मग गेल्या महिन्यात तुला भेटायला आले. दादा-वहिनींनी तुला छान खोली दिली आहे, खिडकीपाशी पलंग आहे, नात तुझ्या अवतीभवती असते. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण तुला गुडघ्याचं मलम लावून द्यावं म्हणून मी कपाट उघडलं, तर कपाट रिकामं. मलम पलंगाखालच्या बॅगेत होतं. चष्म्याचं घर बॅगेत, तुझी कात्री बॅगेत, साड्या बॅगेत. न्हाणीघरात तुझा ब्रश नाही. रोज दात घासून तू तोही पुसून बॅगेत ठेवतेस. चादरीला सुरकुती नव्हती. तू तिथे राहतेस असं कुठेच दिसत नव्हतं, आणि येताना गाडीत मी वेड्यासारखी रडले.

काल सही झाल्यावर म्हणूनच त्या तपासणीच्या बाईंना गाठलं. त्यांना तू आठवत होतीस. तू आधी एकटीच कचेरीत जाऊन आली होतीस, हे मला त्यांच्याकडून कळलं. मी मेल्यावर भाचीला कुणी बाहेर काढेल का, हे तुला विचारायचं होतं. काढू शकतात, असं उत्तर मिळालं. मग जिवंतपणी काय करता येईल, तर तुम्ही घर सोडा. एवढं ऐकून तू उठलीस आणि बॅग भरलीस. जिना नाही, कंटाळा नाही, काही नाही. पुढे एक प्रश्न विचारायला तुझं काय जात होतं गं? सोडायचं ते नाव, मावशी. राहायचं सोडा असं कुणीच म्हटलं नव्हतं. घर ज्याच्या नावावर, तो आपल्या नात्यातल्या कुणालाही सोबत ठेवू शकतो, फक्त कळवावं लागतं. बाई हे सांगत होत्या आणि मला तुझा इतका राग आला, इतकी माया आली, की तिथेच त्यांच्याकडून कळवायचा कागद मागून घेतला.

तर मी कळवून टाकलंय. घरात कोण कोण राहणार, तर मी आणि माझी मावशी. तुला विचारलं नाही, कारण तू नाहीच म्हणाली असतीस, आणि आता या घरात माझं चालतं. दादाशीही बोलले आहे, रविवारी तो तुला आणून सोडेल, नातीला सुट्टीत इकडेच बोलावू. जिन्याचं म्हणशील, तर बिल्डिंगची बंद लिफ्ट मी दुरुस्त करतेय, बोर्डाने परवानगी दिली आहे. मात्र तू खरंच राहतेस का, हे बघायला त्या बाई पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहेत. तेव्हा तुझा ब्रश बाहेर दिसला पाहिजे. मलम खिडकीत, उघडं. चष्मा जिथे तिथे. साड्या खुर्चीवर, दोन तरी. पलंगावर दुपारी लोळून उठलेलं दिसायला हवं, चादरीला हात लावशील तर याद राख. घर मिळवताना जो घोळ घातलास, तो आता चालायचा नाही. बॅग आणू नकोस. सगळं हातात घेऊन ये आणि दारातच टाक.

तुझीच,
खुडबुडी