घाम समजतात लोक

प्रिय जेरुतो,

आपल्या घरात माझ्या हातचं काय काय आहे, ते आज बघत बसलो. दोन दारं, चार खिडक्या, सायप्रसचा पलंग, दूध काढताना तू बसतेस ती तिवई, कोंबड्यांचं खुराडं, पन्हळ. कुणाकडे शिकलो नाही, तरी एकाही सांध्यात नख शिरणार नाही. आणि ती पेटी, बावीस इंची. तू घरात वाट बघत होतीस, तरी तिचे कोपरे मी दोनदा तासले.

तू माहेरी जाऊन चार महिने झाले. जाताना म्हणालीस, "ही जागा विका, एल्डोरेटला खोली घ्या, तरच येईन. तुमचं काय, तुम्ही दुसऱ्याच दिवशी बूट चढवून पळालात!"

पळालो, खरं आहे. तुझं दूध भरून यायचं, कापडावर ओले डाग पडायचे, ते मला बघवत नव्हतं. गिरणीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत, अकरा किलोमीटर चारशे मीटर. सायकलच्या चाकाने मापलंय. दुसऱ्या एखाद्या गावात एकोणपन्नास वर्षांचा सुतार ओल्या तोंडाने पहाटे धावला असता, तर लोकांनी अडवून विचारलं असतं. आपल्या इतेनमध्ये, धावपटूंच्या गावात, घाम समजतात. सरावाच्या पोरांचा जथा बाजूने जाताना ओरडतो, "काका, कोपरं आत घ्या!" त्यांच्यातला किप्रोनो तर म्हणाला, "परदेशी शर्यतीला निघालात की काय? विमानात खिडकी मला हं!" सगळे हसले. मीही हसलो आणि कोपरं आत घेतली.

गेल्या मंगळवारी चढावर कोगो ताप्कीगेनने काठी आडवी धरली. म्हातारी दूध घालायला निघाली होती. "थांब रे सुतारा. ही पोरं पैशासाठी धावतात. तू कशासाठी?" तब्येतीसाठी, म्हटलं. "थापा मारू नकोस. कोण गेलं?" मुलगी, म्हटलं. अकरा दिवसांची. "पूर्वजांची नावं घेतली होती ना तिच्यापुढे? कुठल्या नावाला शिंकली?" माझ्या आजीच्या. "मग नुसतं मुलगी काय म्हणतोस? तुझी आजीच परत आली होती ती. नाव घे तिचं."

घेतलं. ताप्रांदिच. भर रस्त्यात, दुधाच्या किटलीसमोर, ती गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने. तुझ्यापुढे एकदाही घेतलं नव्हतं. तुला वाटलं, मी विसरायला धावतो. मी सगळी वाट तिच्याशीच बोलत असतो, जेरुतो. तू घरात होतीस तेव्हा तुझ्यासमोर जमलं नाही. आता घरात कुणी नाही, तर भिंतींसमोरही जमत नाही.

काल चेसेरेक आला होता, बाहेरच्या धावपटूंसाठी खोल्या बांधतो तो. दरीच्या कडेची आपली जागा त्याला घरासकट हवी आहे. स्वयंपाकघरामागे सपाट करून गाड्या उभ्या करू, म्हणाला. तिथे जमिनीत कोण आहे, हे त्याला माहीत नाही. तुला विचारायला हवं होतं, पण मी थांबलो नाही. तू रागावशील, कदाचित येणारही नाहीस, म्हणून हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी स्वतः लिहितोय. आलीस तर तिथे दोघं बसू आणि मी तिचं नाव तुझ्यासमोर घेईन. चेसेरेकला मी नाही म्हटलं. तेवीस लाख शिलिंग देत होता, रोख.

तुझाच, तिच्याजवळ थांबलेला,
किमुताई